लाइट गेल्यावर वाचायचं पुस्तक



मी म्हैसूरहून बोलतेय. राजवाड्याच्या जवळून नाही, हिनकलहून. हुणसूरचा रस्ता आणि रिंग रोड जिथे एकमेकांना मिळतात, तिथे एक उड्डाणपूल आहे. त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही वस्ती. पूर्वीचं गाव, आता शहराचं टोक. जवळच हेब्बाळचा औद्योगिक भाग असल्यामुळे नोकरीच्या निमित्ताने सगळीकडची माणसं इथे येऊन राहतात. आम्हीही तसेच आलो, मिरजेहून, १४ वर्षांपूर्वी.

आज दोन प्रश्नांवर बोलायचं आहे. सुट्टीत सगळ्यांनी मिळून वाचायला पुस्तक कसं निवडायचं, हा पहिला. आणि वाचायला बसल्यावर लाइट गेली तर काय करायचं, हा दुसरा. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला हे दोन्ही प्रश्न अगदी वेगळे वाटायचे. पहिला वाङ्मयाचा, दुसरा इन्व्हर्टरचा. पण आमच्याकडे दुसऱ्या प्रश्नानेच पहिल्याचं उत्तर दिलं. ते कसं, ते सांगते.

आमचा एक छोटा वाचनगट आहे. सात मराठी घरं. कोणी सांगलीचं, कोणी नाशिकचं, एक बेळगावचं, एक घर तर तीन पिढ्या म्हैसुरातच राहिलेलं. गटाला नाव नाही, व्हॉट्सअॅपवर नुसतं ‘पुस्तक’ असं लिहिलंय. महिन्यातून एकदा जमायचं, पोहे-चहा करायचा आणि वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं. एप्रिल-मेच्या सुट्टीत मात्र मुलांनाही घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं, असं ठरलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने ‘पर्व’ घेतलं होतं. एस. एल. भैरप्पांचं. भैरप्पा म्हणजे आमच्या गावचे लेखक. म्हैसूरला त्यांनी शिकवलं, इथेच ते राहिले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी ते गेले. उमा कुलकर्णींनी त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या महाराष्ट्रात घराघरांत पोहोचल्या. तेव्हा म्हैसुरातल्या मराठी माणसांनी ‘पर्व’ नाही वाचायचं तर काय वाचायचं? निवड चांगलीच होती. पण सुट्टी संपली तेव्हा बारा मोठ्या माणसांपैकी दोघांनी पुस्तक पूर्ण केलं होतं. त्या दोघांत मी नव्हते. मुलांनी तर ते हातातही घेतलं नाही. पुस्तकाचा दोष नव्हता. आम्ही पुस्तकाची थोरवी पाहिली, आणि सुट्टीत आपल्या घरात नेमकं काय चाललेलं असतं ते पाहिलं नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निवडीची बैठक आमच्या घरी ठेवली. तीन नावं आली. एक, भैरप्पांचंच ‘वंशवृक्ष’. नंजनगूड आणि म्हैसूर या दोन गावांत घडणारी कथा. नंजनगूड आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, कपिला नदीकाठी. जागा ओळखीच्या, म्हणून आकर्षण. दुसरं नाव आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चं. नारायणही म्हैसूरचे. यादवगिरीतलं त्यांचं घर आता संग्रहालय म्हणून पाहायला मिळतं, हिनकलहून रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येतं. तिसरं नाव आमच्यातल्या एका काकांनी गमतीत सुचवलं, नारायण यांचंच ‘द डार्क रूम’. म्हणाले, “रोज संध्याकाळी लाइट जातेय, नाव तरी शोभेल.” ती कादंबरी प्रत्यक्षात नवऱ्याच्या वागण्याला कंटाळलेल्या सावित्रीची आहे. त्यामुळे काकू लगेच म्हणाल्या, “ती तुम्ही एकट्याने वाचा.”

मुलांना ‘स्वामी’ हवं होतं, पण मूळ इंग्रजीत. त्यावरून वादाला तोंड फुटलं. एक जण म्हणाले, इंग्रजीतच वाचायचं तर मराठी गट कशाला? दुसरे म्हणाले, मुलं निदान वाचतायत तरी, वाचू द्या. आवाज चढले. तेवढ्यात माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, म्हणाली, “मला मराठी पुस्तक वाचायला वेळ लागतो. एक पान होईपर्यंत आधी काय झालं ते विसरायला होतं.”

मंडळी, हे मी ऐकून घेतलं, पण मला ते फार लागलं. ही मुलगी घरात उत्तम मराठी बोलते, आजीशी भांडते तेही मराठीत. शाळेत कन्नड आहे, इंग्रजी आहे, हिंदीमुळे देवनागरी अक्षरंही येतात. पण मराठीचं छापील वाक्य समोर आलं की ती एकेक अक्षर जोडत बसते. महाराष्ट्राबाहेर मुलं वाढवणाऱ्या पुष्कळ घरांत हे असंच असेल. भाषा कानात असते, डोळ्यांत नसते. मी मात्र त्या संध्याकाळपर्यंत तिला ‘आळस करते’ असंच म्हणत आले होते.

आणि मग गडगडायला लागलं. एप्रिल-मे महिन्यांत इथे दुपारी तापतं आणि संध्याकाळी वाऱ्यासकट वळवाचा पाऊस येतो. झाडं भरपूर आहेत, फांद्या पडतात. खालच्या मजल्यावरून नेहमीचा आवाज आला, “करंट होय्तु!” म्हणजे लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर चालू झाला आणि चाळीस मिनिटांत तोही बसला. बॅटरीतलं पाणी कधीचं कमी झालं होतं, कोणी बघितलंच नव्हतं. काळोख. मुलं हसायला लागली, मोठी माणसं फोनची टॉर्च शोधायला लागली.

शेजारच्या अज्जी, कन्नड आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात, त्या भिंतीला धरत आमच्याकडे आल्या. अंधारात एकटं बसण्यापेक्षा बरं म्हणून. बसल्या आणि विचारलं, एवढा आवाज कशाचा चालला होता? मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, पुस्तक ठरत नाहीये, कोणाला वाचता येत नाही, कोणाला वेळ नाही. तर त्या म्हणाल्या, “सगळ्यांनी कशाला वाचायचं? ओदुववरु ओब्बरु, हेळुववरु ओब्बरु.” वाचणारा एक, सांगणारा एक. बाकीच्यांनी ऐकायचं.

त्या ‘गमक’बद्दल बोलत होत्या. कर्नाटकात ही जुनी कला आहे. कुमारव्यासाचं भारत किंवा तसंच एखादं काव्य एक जण रागात म्हणतो आणि त्याच्या शेजारी बसलेला दुसरा त्याचा अर्थ उलगडून सांगतो. ऐकणाऱ्याला लिहिता-वाचता आलंच पाहिजे अशी अट नसते.

हे ऐकल्याबरोबर कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई बोलल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. “हे तर आपलं पोथीवाचन झालं. चातुर्मासात पांडवप्रताप लागायचा तेव्हा एक जण वाचायचा, सगळी आळी ऐकायची. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण अख्खी पोथी पाठ होती.”

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मघाशी मी म्हटलं, आमच्या गटात बारा मोठी माणसं. त्या बारांत आई नव्हत्या. बैठक आमच्याच घरात व्हायची, त्या तिथेच बसलेल्या असायच्या, पण मी त्यांना कधी मोजलंच नव्हतं. आईंना काचबिंदू आहे. या आजारात गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकवायची एवढंच हातात असतं. मिरजेला असताना त्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायच्या. आमच्याकडे आल्या आणि दोन वर्षांत वाचणं बंद झालं. मी त्यांना टीव्ही लावून द्यायचे, औषधाचे थेंब वेळेवर घालायचे आणि स्वतःला चांगली सून समजायचे. पुस्तकांच्या गप्पा मात्र त्यांच्या डोक्यावरून चालायच्या. ज्याला दिसत नाही त्याचा पुस्तकाशी काय संबंध, असं मी बोलले नव्हते. पण वागत तसंच होते.

आई म्हणाल्या, “कपाटात माझी ‘बनगरवाडी’ असेल. पातळ आहे. काढ आणि वाच एक पान.”

मी काढली. फोनच्या उजेडात वाचायला लागले. एकाऐवजी पाच पानं झाली. नवा मास्तर पायी चालत वाडीला पोहोचतो, आणि शाळेत मुलंच नसतात. मी थांबले तर बेळगावकरांचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, “मुलंच नाहीत, तर मास्तर काय करणार?” त्याच्या बहिणीने सांगितलं, “घरी जाणार.” माझी मुलगी म्हणाली, “नाही, मग गोष्ट संपेल ना.” तेवढ्यात लाइट आली. आमचं पुस्तक ठरलं होतं. मतदान राहूनच गेलं.

आता थोडं थांबून हे पुस्तक का जमलं ते बघू. कारण तुमच्या गटाचं पुस्तक वेगळं असेल, पण कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी: ते कानाने कळतं का? निवडण्याआधी कुठलंही मधलं पान उघडा आणि मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला वाक्याच्या शेवटी सुरुवात आठवते का, ते विचारा. व्यंकटेश माडगूळकरांचं वाक्य छोटं असतं. ते बघितलेलं सांगतात. ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली, माणदेशातली धनगरांची वाडी, औंध संस्थानचा काळ. सत्तर वर्षांनंतर म्हैसुरातल्या मुलांना ती ऐकून कळली, ती या वाक्यांमुळे.

दुसरी कसोटी: सुट्टीत संपतं का? हे भावनेवर सोडू नका, गणित करा. आम्ही घड्याळ लावून पाहिलं, एक पान मोठ्याने वाचायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांच्या वर मुलं बसत नाहीत, म्हणजे एका बैठकीत पंधरा पानं. सहा आठवडे, आठवड्याला तीन बैठका, म्हणजे १८ बैठका आणि २७० पानं. पण सुट्टीत लग्नं असतात, पाहुणे असतात, कोणी गावाला जातं. निम्म्या बैठका बुडणार असं धरा. उरली १३५ पानं. सुट्टीचं पुस्तक एवढंच असावं. आदल्या वर्षी एवढा हिशेब केला असता तर ‘पर्व’ आम्ही दिवाळीनंतरच्या लांब महिन्यांसाठी ठेवलं असतं.

तिसरी: सर्व वयांसमोर मोठ्याने वाचता येतं का? ‘वंशवृक्ष’ आम्ही याच कारणाने बाजूला ठेवलं. त्यात तरुण विधवेचा पुनर्विवाह आहे, कुळाच्या शुद्धतेचा प्रश्न आहे, त्यातून उद्ध्वस्त झालेली माणसं आहेत. मोठ्यांनी जरूर वाचावं आणि भांडावं असं ते पुस्तक. आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचायचं नाही. ते आम्ही पावसाळ्यात मोठ्यांपुरतं घेतलं.

चौथी: बैठक चुकलेल्याला परत येता येतं का? पाच मिनिटांत मागचं सांगून तो पुन्हा गोष्टीत शिरू शकला पाहिजे. गुंतागुंतीची रहस्यकथा इथे नापास होते.

आणि पाचवी, मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती: या पुस्तकात ऐकणाऱ्यांपैकी कोणाला काही सांगण्यासारखं आहे का? अज्जी म्हणाल्या तसा सांगणारा एक हवा. आमच्याकडे तो मान आईंकडे गेला.

एक प्रसंग सांगते. कादंबरीत मास्तर वाडीत तालीम बांधायचं मनावर घेतो. मी ‘तालीम’ वाचलं आणि मुलीने मान डोलावली, “म्हणजे अजून एक शाळा.” हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण, तिने तोच अर्थ लावला. आई हसल्या. म्हणाल्या, “अगं, तालीम म्हणजे कुस्तीची जागा. तांबडी माती, तेल, हळद, ताक घालून मऊ केलेली.” आणि मग सांगली-कोल्हापूरकडची मैदानं, हलगी, आजोबा कुस्ती बघायला कसे चालत जायचे, सगळं निघालं. अज्जींना निम्मं कळत होतं. एकदम त्या म्हणाल्या, “गरडी मने!” म्हैसुरात कुस्तीच्या आखाड्याला गरडी मने म्हणतात. जुन्या म्हैसुरात अशा पुष्कळ होत्या, काही अजून आहेत, आणि दसऱ्यात कुस्त्या होतात. शाळेच्या वाटेवर मुलांनी त्यांतली एक पाहिलेली होती. माणदेशातली तालीम आणि म्हैसुरातली गरडी एकाच अंधारात एकमेकींना भेटल्या. तसंच घोंगडीचं. मुलं म्हणाली, घोंगडी म्हणजे काय? अज्जी म्हणाल्या, कंबळी, इथले कुरुबर विणतात ती. आईंनी सांगितलं, मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात कोंडतात, त्याला वाघर म्हणतात. हे शब्द मला स्वतःला माहीत नव्हते. शब्दकोशात सापडले असते, पण शब्दकोश असं हसून सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, हे ऐकणं झालं, वाचन नव्हे. मलाही तशी शंका होती. तेव्हा मला उमाताई कुलकर्णी आठवल्या. त्यांच्या अनुवादाची पद्धत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. त्यांचे पती विरूपाक्ष मूळ कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे, टेपवर मुद्रित करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठी लिहायच्या. म्हणजे भैरप्पांच्या ज्या कादंबऱ्या आपण मराठीत वाचल्या, त्या कन्नडमधून मराठीत आल्या त्या कानांच्या वाटेने. त्यांतल्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा कानाने घेतलेलं पुस्तक कमी प्रतीचं, असं म्हणायची सोय राहत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, विजेकडे.

म्हैसूर संस्थान म्हणजे विजेचं जुनं माहेरघर. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ साली वीजकेंद्र सुरू झालं. ते ठिकाण आमच्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. पण पहिली वीज आली ती घरांत नाही. ती गेली जवळपास १५० किलोमीटर लांब, कोलारच्या सोन्याच्या खाणींना. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये. आज आमचा राजवाडा दसऱ्यात सुमारे एक लाख दिव्यांनी उजळतो आणि बघायला जगभरातून लोक येतात. आणि वळवाच्या एका सरीत हिनकलमधली आमची गल्ली काळोखात जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पावसात लाइट का जाते, हे मुलांना सांगावं. फांदी तारेला टेकते किंवा तार तारेला लागते, तेव्हा उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप पडतो आणि पुरवठा बंद होतो. तो आपल्या सुरक्षिततेसाठीच पडतो. पुन्हा चालू करण्याआधी कोणीतरी भर पावसात फिरून ती फांदी शोधायची असते. म्हणून वेळ लागतो. हे कळल्यावर आमच्या घरातली चिडचिड निम्मी झाली. १९१२ या क्रमांकावर एकदा कळवायचं आणि कामाला लागायचं.

कामं कोणती? आमच्या चुकांमधून तयार झालेली यादी देते.

इन्व्हर्टरची बॅटरी साधी, पाण्याची असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. नळाचं पाणी घालू नका. आणि एकदा कागदावर हिशेब मांडा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर म्हणजे १,८०० वॉट-तास. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. हाताशी हजारेक वॉट-तास धरा. दोन जुने पंखे दीडशे वॉट, चार एलईडी दिवे छत्तीस, वायफायचा राउटर दहा-बारा. झाले दोनशे, म्हणजे पाच तास. तेच सगळ्यांनी एका खोलीत बसून एक पंखा आणि नऊ वॉटचा एक दिवा लावला तर चौऱ्याऐंशी वॉट, म्हणजे जवळजवळ बारा तास. एकत्र बसणं हाच सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. सात घरांनी एका घरात बसलं तर सहा घरांच्या बॅटऱ्या शिल्लक राहतात. शेजारी कोणाकडे श्वासाचं किंवा औषधाचं यंत्र लागत असेल तर तिथली सोय आधी बघायची, पुस्तक नंतर.

मेणबत्तीवर वाचू नका. मुलं, पडदे आणि वारा एकत्र असताना ते धोक्याचं आहे, आणि उजेडही हलतो. टॉर्च थेट पानावर मारली की डोळ्यांना त्रास होतो. ती पांढऱ्या छताकडे रोखा, किंवा पाण्याने भरलेली पांढुरकी बाटली टॉर्चवर ठेवा, उजेड सगळीकडे पसरतो. वाचणाऱ्यासाठी कपाळावर बांधायची छोटी टॉर्च मिळते, दोन्ही हात मोकळे राहतात.

पुस्तक फोनवर असेल तर ते आधी उतरवून ठेवा. आम्ही एकदा तोंडघशी पडलो. पुस्तक फोनमध्ये आहे असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते इंटरनेटवर होतं. लाइट गेली, राउटर गेला, मोबाइलचं नेटवर्कही ढेपाळलं. विमान मोड लावून पुस्तक उघडतंय का, हे सुट्टीच्या पहिल्याच दिवशी तपासा. पॉवर बँकवर १०,००० लिहिलेलं असलं तरी फोनपर्यंत साधारण साठ-पासष्ट टक्केच पोहोचतं. आणि कागदाची एक प्रत घरात असूच द्या. तिला चार्जिंग लागत नाही.

फ्रिज उघडू नका. बंद ठेवला तर आतलं साधारण चार तास टिकतं. आभाळ भरून आलं की आधी टाकीत पाणी चढवा, मग पुस्तक काढा. आणि रस्त्यावर तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं कधीही समजू नका. मुलांना लांब ठेवा.

एवढं सगळं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, सगळं छान जमलं. तसं नाही. दोन बैठकांनंतर एका घराने येणं सोडलं. त्यांच्या मते हे फार संथ होतं. त्यांचं चुकलं असंही मी म्हणत नाही. सगळ्यांत धाकटा मुलगा दर वेळी विसाव्या मिनिटाला झोपायचा. डास होतेच. आणि सुट्टी संपली तेव्हा अठरा पानं उरली होती.

आणखी एक. आमच्यातल्या कोणाच्या तरी डोक्यात आलं, लाइट असली तरी मुद्दाम बंद करून वाचू, मजा येते. आई म्हणाल्या, “दिवा आहे तर लाव की. वाचणाऱ्याचे डोळे फुकटचे आहेत काय?” ज्यांनी नजर घालवली आहे त्या माणसाचं हे बोलणं होतं. पुन्हा कोणी तसं सुचवलं नाही. अंधार चांगला नसतो, मंडळी. आम्हाला त्याने जवळ बसवलं, एवढंच. जवळ बसायची सवय उजेडातही ठेवता येते.

उरलेली अठरा पानं जूनमधल्या पहिल्या रविवारी वाचली. लाइट होती. पुस्तकाच्या शेवटाकडे दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी व्हायला लागते, एवढंच सांगते, पुढचं तुम्ही वाचा. योगायोगाने आमच्या सात घरांपैकी बेळगावकरांची बदली हैदराबादला झाली होती, त्याच आठवड्यात सामान निघणार होतं. त्यांच्या मुलाने, ज्याने पहिल्या दिवशी “मास्तर काय करणार?” असं विचारलं होतं त्यानेच, विचारलं, “मास्तर परत कधी बनगरवाडीला गेला का?” कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने आई म्हणाल्या, “पुस्तक तू घेऊन जा.” त्यांची ती जुनी प्रत आता हैदराबादला आहे. आम्ही नवीन आणली.

त्या दिवशी शेवटची दोन पानं माझ्या मुलीने वाचली. आठवडाभर आधी तिने ती आजीला एकटीला वाचून दाखवली होती, तयारी म्हणून. तरी अडखळली. अडखळली की आजी शब्द सांगायची नाही, थांबून राहायची. मी असते तर लगेच सांगितला असता. तिने तो स्वतः जुळवला, प्रत्येक वेळी. अजूनही ती मराठी भराभर वाचत नाही. पण रोज रात्री जेवणानंतर आजीला चार पानं वाचून दाखवते. सध्या माडगूळकरांच्याच ‘माणदेशी माणसं’ चालू आहे.

तर तुमच्या गटाचं सुट्टीचं पुस्तक निवडायला बसाल तेव्हा एक करा. यादी काढण्याआधी घरातली माणसं मोजा. जो वाचू शकत नाही, ज्याला दिसत नाही, ज्याला भाषा फक्त कानाने येते, शेजारची अज्जी जिला निम्मंच कळतं, त्या सगळ्यांना मोजा. मग त्या सगळ्यांना पुरेल असं पुस्तक शोधा. ते बहुतेक वेळा पातळ असेल, आणि बहुतेक वेळा तुमच्याच कपाटात असेल.

आणि हो, बॅटरीतलं पाणी आजच बघा.